उर्दू कीबोर्ड टाकला म्हणून कॉम्प्युटर उलटा होत नाही

अकोला-बुलडाण्याकडच्या गावांत एक मेसेज फिरतो आहे: "शाळेच्या, सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरवर उर्दू टाकू नका. स्क्रीन उलटा होतो, आकडे फिरतात, मराठी फायली बिघडतात, मग फॉरमॅट मारण्याशिवाय इलाज नाही." आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा आहेत बाप्पा, त्यांनी दाखले काय हातानं लिहायचे?

स्क्रीनचं आधी. कीबोर्ड जोडणं, तारीख-चलनासाठी प्रदेश निवडणं आणि विंडोजची स्वतःची भाषा बदलणं, या तीन वेगळ्या सेटिंग आहेत. स्टार्टचं बटण उजवीकडे जातं ते तिसरी उर्दू केली तरच. नुसत्या कीबोर्डनं खाली टास्कबारवर भाषा निवडायची सोय येते, एवढंच.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्यानं काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं दिसतं. उर्दूतही संख्या डावीकडूनच लिहितात, त्यामुळे रक्कम कधी उलटत नाही. पण उर्दू शब्दापुढे इंग्रजी आकड्यांत, मधे आडवी रेघ देऊन १५-०८-२०१२ अशी जन्मतारीख टाका, ती २०१२-०८-१५ दिसते. तिरकी रेघ दिली तर जशीच्या तशी राहते. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं कॉम्प्युटरात ठेवायची सामाईक पद्धत; तिच्या नियमात तिरकी रेघ अशा आकड्यांना जोडून धरते, आडवी धरत नाही. आधार क्रमांकाचंही तसंच: मधे जागा सोडून लिहिलेले चार-चार आकड्यांचे तीन गट उर्दू परिच्छेदात उलट्या क्रमानं दिसतात, गटातले आकडे मात्र सरळच. फाइलमध्ये सगळं बरोबर असतं. पण छापील दाखल्यावरून कोणी नंबर उतरवला, की घोळ झालाच. जागा न सोडता बारा आकडे सलग लिहा. देवनागरी आकड्यांना हा त्रासच नाही, युनिकोड त्यांना अक्षरांसारखं कायम डावीकडून उजवीकडेच नेतं.

मराठी फायली? युनिकोड मराठीला धक्का लागत नाही. बिघडतात त्या जुन्या डीटीपी फॉन्टातल्या, आणि त्याही कीबोर्डमुळे नाही. विंडोजमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा ठरवायची एक वेगळी जागा आहे. तिथे कोणी अरबी किंवा पाकिस्तानची उर्दू निवडली, की कोडपेज १२५६ लागू होतं; कोडपेज म्हणजे कोणत्या जागेवर कोणतं अक्षर हे ठरवणारा तक्ता. जुन्या फॉन्टांनी आपली बरीच अक्षरं इंग्रजीच्या १२५२ कोडपेजमधल्या वरच्या १२८ जागांवर बसवलेली असतात. त्या जागांचा अर्थ बदलला की मजकुराचा चिवडा. ती सेटिंग पुन्हा इंग्रजीवर आणून मशीन रिस्टार्ट करा. चिवडा दिसत असताना फाइल सेव्ह मात्र करू नका.

आणि फॉरमॅट काहून मारायचं? उर्दू कीबोर्ड असलेल्या मशीनवर नोटपॅडमध्ये किंवा वर्डमध्ये उजवीकडचे कंट्रोल आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले, की मजकूर उजव्या कडेला जातो. डावीकडचे कंट्रोल-शिफ्ट दाबा, परत येतो. तालुक्याच्या दुकानात याच कामाचे पैसे घेतात.