झाकण घट्ट लावू नका! ‘३ दिवसांत घरगुती बिअर’ या मेसेजला उत्तर

परवा रात्री अडीच वाजता भाच्याचा फोन आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर चौघं राहतात, त्यांतला हा एक. “मामा, माळ्यावरची बाटली फुटली. अजून पाच आहेत, हात लावू का?” काचा खालच्या गादीत घुसल्या होत्या. त्या गादीवर झोपणारा मुलगा गावाला गेला होता, म्हणून वाचला.

कसल्या बाटल्या, असं विचारल्यावर त्यानं एक मेसेज पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळी मेहुण्यांकडूनही. म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा सारांश असा: जव रात्रभर भिजवा. ते पाणी लिटरभर घ्या, त्यात वाटीभर साखर आणि चमचाभर बेकरीचं यीस्ट घाला. काचेच्या बाटलीत भरून “गॅस वाया जाऊ नये म्हणून” झाकण घट्ट लावा आणि उन्हात किंवा माळ्यावर ठेवा. ३ दिवसांत बिअर तयार. केमिकल नाही म्हणून डोकं दुखत नाही, विषारी दारूची भीती नाही, मुतखडा विरघळतो आणि स्वतःपुरती वर्षाला ७५० लिटरपर्यंत कायद्याची परवानगी आहे.

मी घरच्या बिअरच्या विरोधात नाही. इंग्लंडमध्ये नोकरीला असताना मी स्वतः बनवली आहे. तिथे १९६३ पासून स्वतःपुरत्या बिअरला परवाना लागत नाही. पहिल्या २० लिटरच्या वेळी पिंपाच्या झाकणाला एअरलॉक होता, म्हणजे पाणी भरलेली छोटी नळी. गॅस तिच्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. गॅसला वाट ठेवायची, हा या कामातला पहिला धडा. मेसेज नेमकं याच्या उलट सांगतो.

हिशेब करून बघा. यीस्ट साखर खातं तेव्हा साखरेच्या साधारण निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाटीभर म्हणजे १५० ग्रॅम साखर धरली, तर ७५ ग्रॅम गॅस. खोलीच्या तापमानाला तो जवळपास ४० लिटर भरतो. एक लिटरच्या बंद बाटलीत तो राहणार कुठे? फेसाळ बिअरला लिटरमागे साधारण ५ ग्रॅम गॅस पुरतो. म्हणून घरी बनवणारे आधी पिंपात सगळी साखर आंबू देतात. दोनेक आठवड्यांनी, बुडबुडे थांबल्यावर, बाटलीत भरताना लिटरमागे फक्त ६-७ ग्रॅम साखर घालतात आणि मगच झाकण लावतात. मेसेजमधला माणूस याच्या वीसपट साखर कोंडायला सांगतो, तीही उन्हात. गरमीत यीस्ट जोरात चालतं आणि पाण्यात गॅस कमी विरघळतो, म्हणजे दाब दोन्हीकडून वाढतो. सगळी साखर आंबायच्या आधीच काच जाते. ती तोंडासमोर गेली तर डोळा जाईल. हे लिहिताना मला त्या गादीतल्या काचा दिसतात.

शिवाय ती बिअर नसतेच. भिजवलेल्या जवाच्या पाण्यात यीस्टला खायला फारसं काही नसतं. जवाला मोड आणून, वाळवून माल्ट करावा लागतो. तो साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठूळाची साखर होते. मग हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून उकळायचं आणि निवल्यावर यीस्ट. पुण्याच्या एप्रिलमधल्या ३८-४० अंशांत जे आंबतं ते उग्र वासाचं साखरपाणी. डोकं त्यानं जास्तच दुखेल.

कायद्याचं म्हणाल तर ७५० लिटरचा आकडा अमेरिकेतला. तिथल्या १९७८ च्या कायद्यानं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा आहे, त्याचेच हे लिटर. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. कलम १२ नं परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे. मद्याच्या व्याख्येत बिअर नाव घेऊन आहे, अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव आहे. विकायला असो वा प्यायला, फरक नाही. कलम ६५ खाली तुरुंगवास आणि दंड होतो. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारी ठिकाणं, परवाना घेऊन चालतात. डूलाली २००९ मध्ये सुरू झाली तीही तशीच. आणि बिअर प्यायला वयाची अट २१ ची आहे; माझा भाचा २० चा आहे.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. धान्य किंवा साखर नुसती आंबवली तर मिथेनॉल, म्हणजे दारू विषारी करणारं अल्कोहोल, नगण्य होतं. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती दारूत मिथेनॉल असल्यामुळे. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे.

मुतखड्याचं मेहुण्यांसाठी लिहितो, त्यांना खडा आहे. बिअरनं लघवी वाढते, खडा विरघळत नाही. वाट अडलेली असेल तर कळा वाढतात, आणि बिअरनं युरिक ॲसिडही वाढतं. काही पाहण्यांत बिअर पिणाऱ्यांमध्ये खडे कमी दिसले हे खरं, पण तो असलेल्या खड्यावरचा उपचार नव्हे. पाणी प्या, डॉक्टरांकडे जा.

आता ज्यांच्या घरी अशा बाटल्या आत्ता आहेत त्यांच्यासाठी. भाच्याला सांगितलं तेच सांगतो. लगेच हात लावू नका, त्या खोलीत झोपू नका. सकाळी गारवा असताना पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, हातमोजे आणि काच खाली केलेलं हेल्मेट घालून बाटल्यांवर गोधडी टाका. गोधडीसकट उचलून फ्रीजमध्ये ठेवा, दिवसभर राहू द्या. गार झाल्यावर गॅस पाण्यात जास्त मुरतो आणि दाब उतरतो. मग मोरीत, जाड टॉवेलखाली, तोंड लांब ठेवून झाकण केसभर फिरवायचं, फुसफुस थांबेपर्यंत थांबायचं, मग आणखी केसभर. पोरांना पाच बाटल्यांना दीड तास लागला. सगळं मोरीत ओतलं आणि मगच मी फोन ठेवला.