माजी विद्यार्थिनीचं नाव इमारतीला द्यायचंय? मग एवढं कराच!

आपल्या कॉलेजातली एखादी मुलगी पुढे शास्त्रज्ञ वगैरे झाली, तर संस्थाचालकांनी घाबरू नये. तिचं नाव एखाद्या इमारतीला देऊन मोकळं व्हावं. गेल्या आठवड्यात आमच्याच कॉलेजात हा सोहळा बघून आलोय, म्हणून अधिकारवाणीनं सांगतो.

इमारत जुनीच घ्यावी. रंग मारला की भागतं.

बाईंना बोलवावं, पण प्रमुख पाहुणे मंत्रीच हवेत. दहाचा कार्यक्रम कधी सुरू झाला, ते विचारू नका.

कोनशिला मात्र मन लावून करावी. सगळ्यात वर 'मा. ना.', खाली आमदार, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, प्राचार्य, ठेकेदार. उरल्या जागेत बाई. त्यांचे सगळे शोधनिबंध माहेरच्या नावावर असले तरी आपण 'सौ.' लावून नवऱ्याचं अख्खं नाव कोरावं. बाईंनी आधीच पत्र पाठवून कळवलं होतं म्हणे. पण दगड कोरून झाला, आता कसा बदलणार? अहो, जिमखान्याच्या वेळी पालकमंत्री बदलले, तेव्हा रातोरात नवा दगड आलाच ना? तेव्हा बरा कारागीर सापडला!

शाल, श्रीफळ. असो.

भाषणात जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचा दाखला हवाच. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा वर्षभर पारखण्याच्या अटीवर घेतलं. त्याच कमलाबाई १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. हे सांगून टाळ्या घ्याव्यात. आपल्या मुलींच्या प्रयोगशाळेतला गॅस कधीपासून बंद आहे, ते सांगू नये. जर्नलं पूर्ण आहेत की!

आणि बाईंना स्वच्छतागृहाला जायचं होतं, तर दाराला कुलूप. किल्ली हेडक्लार्ककडे, हेडक्लार्क मंत्र्यांच्या गाडीमागे. सत्तरी उलटलेल्या बाईंना मैदान ओलांडून स्टाफरूमकडे पाठवलं. त्यांच्याच नावाच्या इमारतीतून! अरे, लाज कशी वाटत नाही? तिथं शिकणाऱ्या मुली रोज काय करत असतील? सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं शिकवणाऱ्या पोरांचं मानधन द्यायला पैसे नाहीत, आणि मांडव वातानुकूलित?

बाईंनी तुमच्याकडे नाव मागितलं नव्हतं. आता दिलंच आहे, तर तो दगड उद्याच्या उद्या बदला. आणि ती किल्ली मजल्यावरच्या मावशींकडे द्या, नाहीतर कुलूपच फोडा.