केटी झाली, डॉक्युमेंट लिहिलं, आणि बिलं दोनदा गेली

आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतेय. तिचा मथितार्थ असा: ‘खऱ्या अजाइल टीममध्ये (म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये) स्पेशालिस्ट नसतोच, सगळ्यांना सगळं यायला हवं. ज्याला काम येतं त्याच्याकडून दोन तासांची केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम समजावून घेण्याची बैठक) घ्या, डॉक्युमेंट लिहून घ्या, विषय संपला. एका कामाला दोघं बसवणं म्हणजे दुप्पट खर्च.’

पहिलं वाक्य स्क्रम या अजाइलमधल्या पद्धतीच्या नावावर खपवलं जातं. पण २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये (स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेत) ‘क्रॉस-फंक्शनल’ची अट टीमला आहे, एकेका माणसाला नाही. लागणारी कौशल्यं सगळ्यांत मिळून असली की झालं. २०१७ च्या आवृत्तीत तर सरळ लिहिलं होतं की एखाद्याकडे खास कौशल्य असू शकतं, जबाबदारी मात्र अख्ख्या टीमची. डेटाबेस ट्यूनिंगपासून टेस्ट ऑटोमेशनपर्यंत सगळं प्रत्येकाला यावं, हा हट्ट पोस्टवाल्याचा.

आता केटी. आमच्याकडे बिलिंगचा रात्रीचा जॉब (रात्री आपोआप चालणारा प्रोग्रॅम) एकच सहकारी सांभाळायचा. तो गणपतीला गावी निघाला म्हणून रीतसर केटी झाली, रेकॉर्डिंग झालं, चाळीस पानी डॉक्युमेंट आलं. दुसऱ्याच रात्री जॉब अडकला. डॉक्युमेंट म्हणत होतं, ‘फेल झाल्यास रीस्टार्ट करावा.’ केला. काही ग्राहकांना बिलं दोनदा गेली. रीस्टार्ट करण्याआधी तो शेवटचा बॅच नंबर बघून अर्धवट पडलेल्या ओळी उडवायचा, हे तो परत आल्यावर कळलं. लिहिलं का नाहीस विचारलं, तर म्हणाला, ‘अरे, ते तर बघतोच ना माणूस!’

लपवाछपवी नव्हती ती. हाताला वळण पडलेलं असतं, ते सांगायचंही असतं हे सुचत नाही. पुढच्या वेळी जॉब अडकला तेव्हा कीबोर्ड टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीकडे दिला आणि याला शेजारी बसवलं. ‘थांब, आधी काउंट बघ’, ‘हा लॉग नको, तो’. अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं, पण डॉक्युमेंटात नसलेल्या चार गोष्टी बाहेर आल्या. त्यातल्या दोन आता स्क्रिप्टच तपासते. (ते आधीच करायला हवं होतं, हे मान्य.)

दुप्पट खर्चाचं म्हणाल, तर युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात एकाच कॉम्प्युटरवर दोघं मिळून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या जोड्यांना एकूण वेळ सुमारे १५ टक्केच जास्त लागला होता, आणि चुकाही कमी निघाल्या. विद्यार्थ्यांचा आकडा आपल्या प्रोजेक्टला जसाच्या तसा लावू नये. पण ‘दुप्पट’ आलं कुठून? शिवाय रोज आठ तास जोडीनं बसा, असं कोण म्हणतंय?

पोस्टमधलं एक खरं: सगळं एकाच्या डोक्यात अडकून राहू नये. आमचा गडी यंदाही गणपतीला गेला, जॉब यंदाही अडकला. त्याला फोन गेला तो सकाळी, आरती झाल्यावर. विचारायचं होतं ते डेटाबेसमधल्या एका इंडेक्सबद्दल, आणि त्यातलं आजही त्यालाच जास्त कळतं.