फोटो पाठवून दाढ बरी होत नाही

‘लेकराचा दात दुखतोय? दवाखान्याच्या खेपा विसरा. मोबाईलवर फोटो पाठवा, डॉक्टर औषध लिहून देतील. दुधाचे दात तसेही पडणारच!’ अशा आशयाचे मेसेज गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. त्यात खरं थोडं आहे, घातक बरंच.

फोटोत सगळं दिसतं म्हणे. पुढच्या दाताचा खड्डा दिसेलही. पण दोन दाढांच्या फटीतली कीड बऱ्याचदा एक्स-रेशिवाय कळत नाही. आणि चार वर्षांच्या पोराच्या मागच्या दाढेचा फोटो काढून बघाच एकदा. लाळ, अंधार, रडारड!

औषधाचं तर विचारूच नका. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की अँटिबायोटिकने ठणका थांबत नाही. वेदनाशामकाने थांबतो, पण तेवढ्यापुरता, आणि गोची तिथेच होते. पोर खेळायला लागलं की तालुक्याची फेरी रद्द; कीड आत चालूच. गालावर सूज आणि ताप असेल किंवा तोंड उघडत नसेल, तर मेसेजच्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

दुधाचे दात पडतात, कबूल. पण दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात. तोवर पोराने एकाच बाजूने चावायचं का? दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दाताची जागा अडते. त्यातून सहाव्या वर्षाच्या आसपास मागे येणारी दाढ कायमची असते. तीही दुधाची समजून घरोघरी दुर्लक्षित राहते.

मग फोनवरचा सल्ला बिनकामाचा? मुळीच नाही. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांशी बोलू शकतात. कुणाला आज न्यायचं, कुणाला पुढच्या आठवड्यात, एवढं ठरलं तरी मजुरी बुडवून मारलेली एखादी खेप वाचते. मात्र गावाच्या टोकाला दातावर काम करणारे हात हवेत. विजेशिवायही बरंच होतं. हत्याराने कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरता येतं किंवा सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव औषध लावता येतं. या औषधाने दातावर काळा डाग पडतो, पण बहुतेकदा कीड थांबते. २०२१ पासून हे सिमेंट आणि हे औषध दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासूनचा. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करायची असते, त्यात दातांची कीडही येते. पथक आलं की विचारा, कीड सापडलेल्या मुलांना कुठल्या दंतवैद्याकडे, कधी बोलावलंय?