लिआट बुडाली, ती फक्त तोट्यामुळे नाही

विमानसेवेला सरकारी पैसा कशाला, ती तर पैसेवाल्यांची चैन, असं पुण्यात कुणी म्हणालं की मला कॅरिबियन बेटांना जोडणारी लिआट ही विमान कंपनी आठवते. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, पण वेस्ट इंडीजचं क्रिकेट बघत वाढलेल्यांना तिचे थांबे पाठ असतील: अँटिग्वा, बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका.

१९५६ साली फ्रँक डिलाईल यांनी एका छोट्या पायपर विमानावर मॉन्सेराट ते अँटिग्वा अशी सेवा सुरू केली. पुढे कंपनी ब्रिटनच्या कोर्ट लाइन या कंपनीकडे गेली. १९७४ मध्ये कोर्ट लाइनचं दिवाळं निघालं, तेव्हा कॅरिबियनमधल्या ११ सरकारांनी मिळून लिआट विकत घेतली. मला या निर्णयाचं फार कौतुक आहे. यातली कित्येक बेटं लोकसंख्येने आपल्या कोथरूडपेक्षा लहान. पण समुद्रावर रस्ता बांधता येत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. बार्बाडोसला कॉलेजात शिकणारी पोरं, शेजारच्या बेटावर ऑपरेशनला निघालेले म्हातारे, लग्नाकार्याला जाणारी माणसं, सगळी याच विमानात.

२००० मध्ये ॲलन स्टॅनफर्डने (क्रिकेटमध्ये डॉलर ओतणारा आणि पुढे घोटाळ्यात ११० वर्षांची शिक्षा झालेला, तोच) कॅरिबियन स्टार ही स्पर्धक विमान कंपनी काढली. दरयुद्धात दोन्ही कंपन्या पोखरल्या गेल्या, २००७ मध्ये स्टार बंद झाली आणि तिचे मार्ग लिआटकडे आले. पण माझ्या मते खरं दुखणं वेगळं होतं. विमान सगळ्यांना हवं होतं, तोट्याचा मुख्य भार मात्र शेवटी चारच सरकारांवर आला. वर त्याच तिकिटावर जागोजागी कर आणि विमानतळ शुल्क! २०२० मध्ये कोविड आला आणि कंपनी गुंडाळायची घोषणा झाली. काही विमानं कशीबशी उडत राहिली, जानेवारी २०२४ मध्ये तीही थांबली. कर्मचाऱ्यांच्या हक्काच्या पैशांचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

आपल्याला हे समजायला हवं, कारण पहिली एसटी १ जून १९४८ ला आपल्याच पुणे-नगर रस्त्यावर धावली. वाडीवरची मुक्कामी गाडी एकटी कधीच फायद्यात नसते, तरी ती जावी असं आपण ठरवलं. विमानाच्या बाबतीत मात्र केंद्राच्या ‘उडान’ योजनेने मार्गांना द्यायच्या मदतीला तीन वर्षांची मुदत घातली. कॅगच्या २०२३ च्या अहवालात त्याचा हिशेब आहे: दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि मुदत संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग फक्त ५४.

लक्षद्वीप, अंदमानसारख्या ठिकाणच्या सेवेला अशी मुदत नकोच. होणारा तोटा दर वर्षी अर्थसंकल्पात उघडपणे दाखवा आणि भरून द्या. ज्या राज्यांना विमान हवं, त्यांचा वाटा आधी लेखी ठरवा. आणि तरीही कंपनी बुडालीच, तर पहिला पैसा तिथे राबलेल्या माणसांना मिळू दे, बँका आणि विमान भाड्याने देणारे नंतर.