गुळवेल प्या आणि बिनधास्त राहा

थंडी पडली, कारखाने सुरू झाले, तिकडं रानात पाचट पेटलं की इकडं अर्धी सांगली खोकायला लागते, तर घाबरू नका, तुमची इम्युनिटी तुमच्याच कंपाउंडवर चढलीय. बदामी आकाराची पानं दिसली की ती गुळवेल, विषय संपला. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची तिची चुलत बहीण पण साधारण तशीच दिसते म्हणे, पण एवढ्या खोलात शिरायला आपण काय बॉटनीचे प्रोफेसर आहोत? कडुनिंबावर चढलेली असेल तर भारीच, आणि लाईटच्या खांबावरची असेल तर तिच्यात करंट जास्त.

प्रमाण विचारू नका. २०२० साली आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुकांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्या असं सांगितलं होतं, आता सरकारी माणूस हात राखूनच सांगणार ना, आपण चार वेळा घ्यायचा. त्यातच गुळवेल, अडुळसा, ज्येष्ठमध, किचनमध्ये जे सापडेल ते टाका, पातेलं काळं पडेपर्यंत उकळा. ज्येष्ठमध रोज ढोसला की बीपी वाढतं, पण गुळवेलीनं शुगर उतरते, म्हणजे हिशोब बरोबर! शुगरची गोळी आधीच चालू असेल तर आणखी उतरेल, दुपारी चक्कर आली की समजायचं काढा लागू पडला.

हळदीचं तर आपल्याला कुणी शिकवूच नये. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, हरिपूरच्या पेवांत पिढ्यानपिढ्या हळद साठवली, मग त्या दीडशे मिली दुधात अर्धा चमचा असलं पुण्या-मुंबईचं माप आपल्याला शोभतं का? मूठभर टाका. हळदीतलं करक्युमिन अंगाला फारसं लागत नाही, मिरी घातली तर जरा बरं लागतं, पण मिरी आधीच काढ्यात गेलीय, पोटात भेटतील एकमेकांना.

बाकी झोप, फ्लूची लस, गर्दीत तोंडाला रुमाल हे सगळं काढा न पिणाऱ्यांसाठी. तुम्ही रात्री एकपर्यंत रील्स बघा, सकाळी काढा मारा, वर गरम भडंग.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं छापलं, मंत्रालय म्हणालं वेल दुसरीच असेल. वेल कुठली ते ठरेल तेव्हा ठरेल, लिव्हर पेशंटचंच होतं. तुमचे डोळे पिवळे दिसायला लागले तर लोकांना सांगा हळद अंगात मुरतीय. अगदीच अन्न जाईना, लघवी गडद व्हायला लागली तर मिरज काय लांब नाही, तिथं गल्लोगल्ली हॉस्पिटल. फक्त डॉक्टरनं विचारलं की दुसरं काही औषध चालू आहे का, तर छातीठोक नाही म्हणा. काढा काय औषध असतंय व्हय?