फिरायला नको, लोळायला जा

"आत्ताच काय ते फिरून घ्या, नंतर काही वर्षं विसरा!" गोड बातमी सांगितली की अभिनंदनाच्या पाठोपाठ हे वाक्य येतंच. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या नादात भलं मोठं पोट घेऊन बाई दिवसाला दोन-दोन ठिकाणं उरकत सुटते आणि सुजलेले पाय घेऊन घरी येते. माझं सरळ मत आहे, उन्हाळा सरता सरता गरोदरपणात जी सुट्टी घ्यायची ती फिरायची असूच नये. एक जागा, एक खोली आणि दिवसभर काहीही न करण्याची मुभा. बास.

मला सध्या सातवा लागलाय, त्यामुळे हा शोध घरात जोरात चालू होता. नवऱ्याने हौसेने एक्सेलमध्ये यादी केली. कुठून सूर्योदय दिसतो, कुठला धबधबा किती किलोमीटरवर. माझे प्रश्न भलतेच होते. पलंगापासून बाथरूम किती लांब? तिथली फरशी गुळगुळीत आहे का? (रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या बाईला सूर्योदयापेक्षा हे महत्त्वाचं.) बाहेर सावलीत पाठ टेकता येईल अशी खुर्ची आहे का? आणि बाळंतपणाची सोय असलेलं, रात्री-अपरात्रीही चालू असणारं हॉस्पिटल किती मिनिटांवर?

एका ठिकाणी फोन केला. "लिफ्ट आहे का?" "गरजच नाही मॅडम, एकच मजला आहे." "पायऱ्या किती?" "अशा फार नाहीत." "जरा मोजून सांगता?" बिचारा खरंच मोजायला गेला. परत आला तो धापा टाकत, "सव्वीस." त्या धापेतच माझा निर्णय झाला.

उन्हाळा संपत आलाय म्हणून ऊन कमी, या भ्रमात राहू नका. या दिवसांत अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, हृदय आधीच जास्त काम करत असतं, त्यात बाहेरचा उकाडा. इतरांना जे "छान ऊबदार" वाटतं त्यात आपल्याला गरगरायला लागतं. म्हणून नुसतं पाण्याकाठचं ठिकाण पुरत नाही, दुपारी खोली थंड राहायला हवी. पोहायला जरूर जा, पाण्यात पोटाचा भार हलका होतो, त्यासारखं सुख नाही. मात्र गरम पाण्याचा टब आणि सौना कितीही फुकट देत असले तरी नको. शरीराचं तापमान ३९ अंशांच्या वर जाणं बाळासाठी चांगलं नाही. थंड हवा हवी म्हणून फार उंचावर पळायचीही गरज नाही. साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो.

आणि डास! उन्हाळ्याच्या शेवटी साचलेल्या पाण्यावर त्यांची चंगळ असते. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिकाची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या एका विषाणूची साथ आली, लहान डोक्याची बाळं जन्मली, तेव्हा जगाला कळलं की एक डास काय करू शकतो. झिका किंवा मलेरिया असलेला भाग कितीही सुंदर असो, सरळ काट मारा.

कधी जायचं, याचं उत्तर बहुतेक डॉक्टर एकच देतात, १४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. मळमळ ओसरलेली असते, पोट अजून आडवं येत नसतं. विमानाने जाणार असाल तर २८ आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ नंतर बहुतेक बसूच देत नाहीत. जुळी असतील तर त्याहून लवकर. हे आठवडे परतीच्या तारखेला मोजायचे, निघायच्या नव्हे! मी म्हणेन विमानाच्या भानगडीत पडूच नका, गाडीने दोन-तीन तासांत पोचता येईल असं काहीतरी बघा. सीटबेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांवर, वरचा छातीच्या मधून. दर दीड-दोन तासांनी उतरून चालायचं, कारण या काळात पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. अर्थात बीपी, रक्तस्राव, खाली आलेली वार (प्लॅसेंटा) असं काही असेल तर माझी पोस्ट बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना विचारा. तपासणीची फाईल मात्र सगळ्यांनीच बॅगेत टाका.

शेवटचं, बुकिंग असं करा की आयत्या वेळी रद्द केलं तरी पैसे बुडणार नाहीत. निघायच्या आदल्या रात्री पाठ धरली, झोप झाली नाही, किंवा नुसताच कंटाळा आला, तर जायचं नाही. नवरेमंडळी, अशा वेळी "अगं पण बुकिंग केलंय ना" हे वाक्य कृपया गिळून टाका.